काटा लावणारा माणूस मत मागायला येतो तेव्हा

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वसाहतीत गेली पंधरा-सोळा वर्षे एक गृहस्थ दर शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या कार्यालयात बसून लोकांना ग्राहक तक्रारी लिहून देतात. महिन्याभरात बंद पडलेला फ्रीज, ताबा न देणारा विकासक, न विचारता खात्यातून वळता झालेला विम्याचा हप्ता, अशी शेकडो प्रकरणे त्यांनी एक पैसाही न घेता मार्गी लावली. माझ्या बहिणीचे अडकलेले पैसेही त्यांच्यामुळेच परत मिळाले. आता ते महापालिकेच्या निवडणुकीत अपक्ष म्हणून उभे राहणार आहेत. मी कॉलेजात असताना, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेतील ग्राहक चळवळीचे नेते राल्फ नेडर यांच्याविषयी वाचून भारावून गेले होते. तेच नेडर २००० साली अध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांच्या वाट्याला आलेली दूषणे वाचून हळहळलेही होते. आमच्या या गृहस्थांविषयी मनात आदर आहेच, पण त्या आदरापोटी मत द्यावे का, हे काही ठरत नाही. आदर आणि मत या गोष्टी वेगळ्या ठेवता येतात का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, कांजूरमार्ग

उत्तर : ठेवता येतात आणि ठेवाव्यात, असे माझे मत आहे. पण ते इतक्या सहजी ठेवता येत नाहीत, हेही खरे. तुम्ही नेडर यांचे नाव काढलेच आहे, तर तिथूनच सुरुवात करतो.

१९६५ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, नेडर यांनी अमेरिकी मोटारींच्या सुरक्षिततेवर पुस्तक लिहिले. त्यातला मुद्दा आज साधा वाटतो. अपघाताचा दोष तोवर चालकाच्या डोक्यावर टाकला जाई; नेडर यांनी बोट दाखवले ते मोटारीच्या बांधणीकडे. धडक बसली की सुकाणूचा ताठ दांडा चालकाच्या छातीत घुसे, टोकदार डॅशबोर्डवर कपाळ आपटे, आणि हे टाळण्याची विद्या ठाऊक असूनही कारखानदार रंगावर आणि क्रोमच्या झळाळीवर पैसा घालत. पुस्तकातील पहिलेच प्रकरण जनरल मोटर्सच्या कॉर्व्हेअर या गाडीवर होते; वळणावर ती चालकाच्या ताब्यातून सुटते, असा त्यात आरोप होता. कंपनीने आरोपांना उत्तर देण्याऐवजी या तरुण वकिलामागे खासगी हेर लावले, त्याच्या ओळखीपाळखीच्यांकडे त्याच्या खासगी आयुष्याची चौकशी सुरू केली, आणि हे उघडकीला आल्यावर मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे येऊन जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मोटार-सुरक्षेचा कायदा झाला. नेडर यांनी खासगी आयुष्यावरील आक्रमणाबद्दल खटला भरला, १९७० मध्ये त्यात ४,२५,००० डॉलरची तडजोड झाली, आणि तो पैसा त्यांनी ग्राहकहिताच्या कामासाठीच वापरला. कंपनीच्याच पैशातून कंपन्यांवर पहारा बसला, याचे मला आजही हसू येते.

ते काम आपल्यापासून फार दूर नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मोटारीतील मागच्या प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक केला, तेव्हा मी दादरहून टॅक्सीत बसलो आणि पट्टा ओढू लागलो. पट्टा होता, पण त्याची खाच रेक्झिनच्या कव्हराखाली शिवून टाकलेली होती. चालक म्हणाला, “साहेब, नुसता आडवा धरून बसा.” पट्टा असणे, तो लागणे आणि तो लावला जाणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहक कार्यकर्त्याचे आयुष्य या तिन्हींमधले अंतर मोजण्यातच जाते.

एक गोष्ट आदराच्या भरात विसरू नये. अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा यंत्रणेने १९७२ साली कॉर्व्हेअरच्या जुन्या गाड्यांची चाचणी घेतली आणि ती गाडी वळणावर तिच्या काळातील इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष काढला. नेडर यांना तो मान्य नव्हता. त्यामुळे कायद्याचे मोल उणावत नाही. पण दुसऱ्याच्या मालाला काटा लावणाऱ्याच्या म्हणण्यालाही कधीतरी काटा लागतो, एवढे त्यातून दिसते.

आता माझ्या लहानपणीचा एक प्रसंग सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यातच सापडते. गिरगावातील आमच्या चाळीत एक निवृत्त शिक्षक राहत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गॅसचा सिलिंडर आला की ते आपला ताणकाटा घेऊन येत, तो आमच्या झोपाळ्याच्या कडीला अडकवत आणि सुंभाने बांधलेला सिलिंडर त्याला टांगत. सिलिंडरच्या गळ्याशी रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते आणि आत १४.२ किलो गॅस असायला हवा, हे गणित त्यांनी चाळीतल्या पोराबाळांकडून घोकून घेतले होते. एकदा टाकीवर १५.९ लिहिलेले होते, म्हणजे काट्यावर ३०.१ दिसायला हवे होते, दिसले २८.६. दीड किलो गॅस कमी! पोहोचवणारा म्हणाला, तुमचाच काटा खोटा आहे. मास्तर चिडले नाहीत. खाली वाण्याच्या दुकानात गेले, सरकारी शिक्का असलेली दहा आणि पाच किलोंची लोखंडी वजने मागून आणली, त्याच्या देखत काट्याला लावली, काटा बरोबर असल्याचे दाखवले आणि मग एका कागदावर दोन्ही आकडे लिहून त्याच्या हाती दिले. म्हणाले, “तुला मी चोर म्हणत नाही. हा कागद तेवढा एजन्सीत दे.” आठवड्यात बदली सिलिंडर आला. आईने चहा टाकला होता. पण मास्तरांनी तो कधीच घेतला नाही. ज्या घरी काटा लावायचा त्या घरचा चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

काही वर्षांनी लोकांच्या आग्रहावरून मास्तर पालिकेच्या निवडणुकीला उभे राहिले. हात जोडून जिना चढून आले. आई म्हणाली, “मास्तर, आज तरी चहा घ्याल ना?” आणि ते बसले, चहा घेतला. त्यात गैर काहीच नव्हते; मत मागायला आलेल्याने चहा नाकारला तर तो शिष्टपणा दिसला असता. पण मला आठवते ती आईची मुद्रा. तिला आनंदही झाला होता आणि काहीतरी हातचे गेल्यासारखेही वाटले होते. मास्तर पडले. पुढच्या वेळी त्यांनी काटा अडकवला तेव्हा पोहोचवणारा हसून म्हणाला, “मास्तर, निवडणूक संपली की!” काटा तोच होता आणि आकडेही खरे होते, पण ते आकडे आता एका पडलेल्या उमेदवाराचे होते.

ग्राहक कार्यकर्त्याचा दरारा कायद्याच्या ज्ञानावर जेवढा उभा असतो, त्याहून अधिक “मला तुमच्याकडून काही नको” यावर उभा असतो. नेडर यांचा तर संपूर्णपणे त्यावरच होता. स्वतःची मोटार नाही, संसार नाही, राहायला वॉशिंग्टनमधील एक खोली. १९७२ साली अध्यक्षपदाला उभे राहा असा आग्रह झाला, तेव्हा त्यांनी तो मानला नाही. मग पुढे ते का उभे राहिले? माझ्या वाचनाप्रमाणे, दारे बंद होत गेली म्हणून. ग्राहकांची बाजू सरकारदरबारी मांडणारे स्वतंत्र खाते असावे, यासाठी त्यांनी बरीच वर्षे खटपट केली; १९७८ च्या फेब्रुवारीत प्रतिनिधिगृहाने ते विधेयक फेटाळले. दोन्ही पक्ष उद्योगांच्या देणग्यांवर पोसले जात असतील तर कोणत्या दारात जाऊन भांडायचे, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. १९९२ मध्ये त्यांनी ‘वरीलपैकी कोणीही नको’ या भूमिकेतून न्यू हॅम्पशायरमध्ये पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत लोकांना मतपत्रिकेवर आपले नाव लिहायला सांगितले, १९९६ आणि २००० मध्ये ते ग्रीन पक्षाचे उमेदवार होते, २००४ आणि २००८ मध्ये अपक्ष. एकदाही ते निवडून येण्याच्या जवळपास गेले नाहीत.

त्यांच्या शेजारी मला आपल्या मृणालताई गोरे ठेवाव्याशा वाटतात. गोरेगावच्या वस्त्यांमधील पाण्यासाठी भांडता भांडता त्या १९६१ साली नगरसेविका झाल्या, ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना तिथे मिळाले. १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या; महागाईविरोधात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायकांच्या पुढे अहिल्याताई रांगणेकरांबरोबर त्याही होत्या. १९७७ मध्ये दोघीही मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा मुंबईत घरोघरी पोहोचली. त्यांनी चहा घेतला, मते मागितली, पक्ष केला, तरी त्यांचा दरारा गेला नाही. असे का झाले असावे?

मुंबईत ज्यांच्या घरी ठरावीक वेळीच पाणी येते त्यांना ‘चावीवाला’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पालिकेचा हा माणूस लांब लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातले झाकण उघडतो, खाली वाकून झडप फिरवतो, आणि गल्लीतल्या हंड्यांत पाणी पडू लागते. त्याने दोन आटे कमी फिरवले तर वरच्या मजल्यावर थेंब चढत नाही. मृणालताई ज्या पाण्यासाठी भांडत होत्या, त्याची चावी महापालिकेत होती, आणि त्या आधी महापालिकेतच गेल्या. पद आणि तक्रार एकाच नळावर होती. नेडर यांनी तक्रारी केल्या त्या सुकाणूच्या, मांसाच्या, विमानाच्या जादा विकलेल्या तिकिटांच्या. या प्रत्येकाची चावी कोणत्या तरी सरकारी खात्यात, न्यायालयात किंवा संसदेच्या समितीत होती आणि त्यांनी ती तिथे जाऊन फिरवलीही होती. अध्यक्षपदाची उमेदवारी ही मात्र अख्खे धरणच मागण्यासारखी होती. म्हणून ती चूक होती, असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या आधीच्या कामाचा जो भरवसा होता, तो तिथपर्यंत आपोआप पोहोचत नव्हता.

तुमच्या शनिवारच्या गृहस्थांना हाच प्रश्न विचारा. त्यांनी सोडवलेल्या प्रकरणांची चावी कोठे आहे? वजनमापातील खोट राज्याच्या वैधमापन यंत्रणेकडे जाते, भेसळ अन्न व औषध प्रशासनाकडे, विकासकाने रखडवलेला ताबा महारेराकडे, विम्याचे भांडण विमा लोकपालाकडे, आणि सदोष वस्तू किंवा सेवा यांची बहुतेक भांडणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे, जिथे २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच आणि वकिलाशिवायही दाद मागता येते. यातील एकही चावी नगरसेवकाच्या खिशात नसते. नगरसेवकाकडे असते ते पाणी, कचरा, पदपथ, मंडया, पालिकेचे दवाखाने, शाळा आणि ‘बेस्ट’च्या कारभारावर बोलण्याचा अधिकार. तेव्हा त्यांनी वसाहतीच्या पाण्याविषयी, समोरच्या खणलेल्या रस्त्याच्या कंत्राटाविषयी किंवा प्रभागाच्या निधीविषयी कधी माहितीच्या अधिकारात अर्ज केला आहे का, ते पाहा. केला असेल तर त्यांची उमेदवारी त्यांच्या कामातूनच उगवलेली आहे आणि निःशंकपणे त्यांच्या बाजूने झुका. केला नसेल, तर ते फ्रीजच्या पुण्याईवर गटाराची कंत्राटे तपासायला निघाले आहेत, आणि मग ते इतर कोणत्याही नवख्या उमेदवाराइतकेच पारखून घ्यावे लागतील.

पारखण्याची रीत तर त्यांनीच तुम्हाला शिकवली असणार. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचायला सांगणाऱ्या माणसाने उमेदवारी अर्जाबरोबर मालमत्ता, देणी आणि खटले यांचे प्रतिज्ञापत्र जोडलेले असते. ते वाचा, आणि खटकेल ते त्यांना सरळ विचारा. चांगला ग्राहक कार्यकर्ता या प्रश्नाने रागावणार नाही.

प्रश्न : आमच्या प्रभागातही एक ग्राहक कार्यकर्ता उभा आहे. मित्र म्हणतात, तो फक्त मते खाणार आणि नको तो निवडून येणार. प्रामाणिक माणसाला असे म्हणणे अन्यायाचे नाही का?
— एक विद्यार्थी, वरळी

उत्तर : शब्द अन्यायाचा आहे. मते कोणाच्या ताटात वाढून ठेवलेली नसतात की दुसऱ्याने येऊन ती खावीत. पण शब्द चुकीचा म्हणून हिशेब चुकीचा ठरत नाही.

२००० साली फ्लोरिडात जॉर्ज बुश आणि अल गोर यांच्यात अधिकृत फरक राहिला ५३७ मतांचा, आणि नेडर यांना त्या राज्यात मिळाली होती ९७,४८८ मते. त्या एका राज्यावर अध्यक्षपद ठरले. नेडर यांची बाजू अशी की गोर यांच्या पराभवाची कारणे अनेक होती, त्यांना स्वतःचे राज्यही राखता आले नव्हते, फेरमोजणी न्यायालयाने थांबवली, आणि शिवाय आपली सगळी मते गोर यांनाच गेली असती हे कशावरून? हे सगळे खरे आहे. तेवढेच हेही खरे की त्या लाखभर मतांतील थोडीशी वजाबाकीही पुरली असती, आणि आयुष्यभर इतरांना अपघाताची शक्यता आधी मोजायला लावणाऱ्या माणसाने ही शक्यता मोजायचे नाकारले. देशभरात ५ टक्के मते मिळाली असती तर पक्षाला पुढच्या निवडणुकीसाठी सरकारी निधी मिळाला असता, हे त्यांचे उद्दिष्ट होते. ते निकाल आधीच ठरल्यासारख्या राज्यांतही गाठायचा प्रयत्न करता आला असता. त्यांनी चुरशीच्या राज्यांतही प्रचार चालू ठेवला आणि अखेर मिळाली २.७४ टक्के. तरीही राग एकट्या त्यांच्यावर काढणाऱ्यांची मला चीड येते. बोस्टनमधील पहिल्या वादसभेत त्यांना मंचावर जागा नव्हतीच. पण बाजूच्या सभागृहात पडद्यावर ती पाहण्याचे तिकीट हातात असतानाही त्यांना दारातून परत पाठवले गेले. अशी वागणूक मिळालेला माणूस समजूतदारपणे माघार घेईल, ही अपेक्षाही जरा जास्तच आहे.

मुंबईत हा हिशेब आणखी बारीक आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये भाजप आणि शिवसेना यांच्या उमेदवारांना सारखीच, म्हणजे ५,९४६ मते पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लागला. तिथे एखाद्या मतदाराने ‘माझ्या एका मताने काय होणार’ असे म्हटले असेल, तर त्याला आयुष्यभर पुरेल एवढे उत्तर मिळाले. म्हणून मित्रांशी वाद घालण्याआधी तुमच्या प्रभागात मागच्या दोन निवडणुकांत पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारातील अंतर किती होते, ते काढा. ते मोठे असेल तर मनातल्या माणसाला बेलाशक मत द्या. ते शे-दोनशेचे असेल, तर नको असलेला उमेदवार तुम्हाला किती नको आहे, ते आधी ठरवावे लागेल. त्या कार्यकर्त्यालाही हा आकडा विचारा. तो त्याला पाठ असला पाहिजे.

प्रश्न : आमच्या मार्गदर्शन केंद्राचे प्रमुख निवडणुकीला उभे आहेत. केंद्र चालू ठेवावे की निकाल लागेपर्यंत बंद?
— एक कार्यकर्ती, मुलुंड

उत्तर : चालू ठेवा. तक्रार दाखल करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते आणि ती कोणाच्या निवडणुकीसाठी थांबत नाही. पण प्रमुखांनी त्या काळात केंद्रात बसू नये, टेबलावर त्यांचे पत्रक नसावे, आणि तक्रारवही त्यांच्या हाती राहू नये. त्या वहीत शेकडो घरांचे दूरध्वनी क्रमांक असतात आणि ते लोकांनी फ्रीजसाठी दिलेले असतात, प्रचारासाठी नव्हे. कपाटाची किल्ली आजच तुमच्याकडे मागून घ्या; मागताना अवघडल्यासारखे झाले, तर हे उत्तर त्यांना दाखवा.